हीव्हरच्या किल्ल्यातली पोथी

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की शनिवार पेठेतलं घर दिवाळीच्या आत रिकामं करून द्यायचंय, माळ्यावरचं सामान निघायला लागलंय. मागून आईचा आवाज आला, "जुन्या पोथ्या-पुस्तकं देऊन टाकू कुणाला तरी, फ्लॅटमध्ये जागा कुठाय." तेव्हा मी गप्प बसले. बोलायचं होतं, पण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. काल आम्ही एक किल्ला बघून आलो आणि कसं सांगायचं ते तिथे सापडलं. म्हणून हे पत्र. बाबांना चष्मा लावूनही त्रास होतो, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

किल्ल्याचं नाव हीव्हर. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आहे. क्रॉयडनहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचलो. या मार्गावर अजून डिझेलची गाडी धावते, तिची ती घरघर ऐकून ओजस म्हणाला, "कोरेगावला आजोबांबरोबर बघितली होती तशी." स्टेशन अगदी छोटं, बाहेर पडलं की शेतांच्या कडेने मैलभर चालायचं. दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलेलं. तिकडे पाऊस लागला असेल आता, यवतेश्वरचा घाट हिरवा झाला असेल. इथे जूनमध्ये नुसतं स्वच्छ ऊन.

बाबा, किल्ला म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आपल्या साताऱ्याचा अजिंक्यतारा येणार. इथे चढ नाही. उलट उतरणीच्या वाटेने खाली जायचं, आणि हिरवळीच्या मधोमध पाण्यात बसलेली एक चौकोनी दगडी वास्तू दिसते. एवढीच. आपला डोंगर शत्रूला दमवतो. इथे डोंगर नाही, म्हणून यांनी सगळी भिस्त पाण्यावर ठेवली. भोवती खंदक, त्यावर पूल, पुढे जाड भिंतींचा दरवाजा आणि त्यात वरून खाली सोडायचा टोकदार दात्यांचा जाळीदार अडसर. तो जुना अडसर अजून शाबूत आहे. ओजस त्याच्याखाली उभा राहून वर बघत होता, पुढे यायला तयारच होईना. म्हणाला, आजोबा असते तर साखळी कशी चालते ते दाखवलं असतं.

बाहेरचा दगडी भाग तेराव्या-चौदाव्या शतकातला. 1462 मध्ये जेफ्री बोलीन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने तो घेतला. हा माणूस लंडनचा महापौरही झाला होता. पुढे बोलीन कुटुंबाने भिंतींच्या आत राहतं घर बांधलं. आत शिरल्यावर लाकडी तुळया, काचेच्या छोट्या तावदानांच्या खिडक्या, सगळं घरगुती मापाचं. मला आपला वाडा आठवला. याच घरात अ‍ॅन बोलीन लहानाची मोठी झाली. आठव्या हेन्री राजाची ती दुसरी राणी, पहिल्या एलिझाबेथ राणीची आई. 1533 मध्ये तिला मुकुट घातला आणि 19 मे 1536 रोजी लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद झाला. मधे तीन वर्षंसुद्धा धड गेली नव्हती. दोनच दिवस आधी तिच्या भावालाही त्याच टॉवरजवळ मारलं होतं.

हे सगळं पुस्तकात वाचलेलं असतं. पण किल्ल्याच्या फाटकाशी गावचं चर्च आहे, तिथे तिच्या वडिलांची कबर आहे. वर पितळेच्या पत्र्यावर कोरलेली त्यांची आकृती, अंगावर दरबारी झगा. दोन मुलं अशी गेल्यावर ते आणखी तीन वर्षं जगले आणि 1539 मध्ये इथेच गेले. अ‍ॅनची आई त्यांच्या वर्षभर आधी गेली. मुलीच्या खोलीवरून ती दोघं रोज जात असतील. मी त्या पितळेपुढे बराच वेळ उभी होते. तुमची फार आठवण आली, का ते लिहीत नाही.

आता आई, बागेबद्दल. तुझ्यासाठी सगळं लक्षात ठेवून आणलंय.

बाग बोलीनांच्या काळची नाही. विल्यम वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टर नावाच्या गडगंज अमेरिकन माणसाने 1903 मध्ये हा किल्ला विकत घेतला. तेव्हा घराची पार रया गेली होती. त्याने ते दुरुस्त केलं, आणि पाहुण्यांसाठी जास्त खोल्या हव्या होत्या तर मूळ घर न वाढवता खंदकापलीकडे जुन्या धाटणीची छोटी छोटी घरं बांधली, बाहेरून बघितलं तर वाटावं एक गावच वसलंय. मला त्या माणसाचं हे फार आवडलं. हा पूर्वी इटलीत अमेरिकेचा राजदूत होता, तिथे त्याने जुने पुतळे, रांजण, खांब, शवपेट्या असं पुष्कळ जमवलं होतं. ते मांडायला त्याने इटालियन पद्धतीची बाग केली. एका बाजूला लांबच लांब दगडी भिंत, तिच्या कोनाड्या-कोनाड्यांत दोन हजार वर्षांचे दगड आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढलेले वेल.

समोरच्या बाजूला वेलींचा मांडव आहे, आणि त्याच्या सावलीतली भिंत तू बघायला हवी होतीस. सगळी भिंत झिरपते. थेंब थेंब पाणी, त्यावर मऊ शेवाळं, नेचे, रुंद पानांची सावलीतली झाडं. यवतेश्वरच्या घाटात श्रावणात कडा पाझरतो ना, हुबेहूब तसा गारवा आणि तसाच ओल्या मातीचा वास. या देशात तो वास मला पहिल्यांदाच आला. मी तळहात भिंतीला लावून उभी राहिले.

पुढे भिंतींच्या आत गुलाबांची बाग, 4,000हून जास्त झाडं. जूनमध्ये सगळी एकदम फुललेली. रंग मोजत बसले नाही, वास घेत फिरले. बऱ्याच गुलाबांना आता वासच नसतो असं तू म्हणतेस, पण इथे दोन-तीन वाफ्यांवर अगदी आपल्या परसातल्या गावठी गुलाबाचा वास होता, ज्याचा तू गुलकंद करायचीस. खाली पाकळ्यांचा सडा पडला होता. एक माळी दादा वाळलेली फुलं पानांच्या वर कापत होते, मी विचारलं तर नीट थांबून सांगितलं की अशी कापत राहिलं की झाड बी धरत नाही, पुन्हा कळ्या काढतं. हे तुला माहीतच आहे. सदर बझारच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्या ठेवशील तेव्हा तो परसातला गुलाब कलम करून नक्की ने.

बाबा, तुमच्यासाठी तळं. सुमारे 38 एकरांचं आणि सगळं माणसांनी खणलेलं. ईडन नावाची छोटी नदी आहे, तिच्या पाण्यावर ते केलंय. 800 माणसं दोन वर्षं खणत होती. मी काठावर उभी राहून तुमच्यासारखाच विचार केला, एवढी माती टाकली कुठे, बांध कुठे घातला, सांडवा कुठे. कण्हेर धरणाच्या कामावर तुम्ही मला न्यायचात आणि मातीच्या थरांवर रोलर कसा फिरतो ते दाखवायचात, ते आठवलं. मोठी वाढलेली झाडंसुद्धा काही मैलांवरच्या अ‍ॅशडाउनच्या जंगलातून मुळांसकट उपटून, घोडे जुंपून आणली आणि इथे लावली. ती जगली. शंभराहून जास्त वर्षं झाली, पाइनची झाडं ताठ उभी आहेत. घर बदलायचं म्हणून बाबा तुम्ही रात्री झोपत नाही असं आई म्हणाली, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

अ‍ॅस्टरच्याच काळी लावलेला एक भूलभुलैया आहे, माणसाहून उंच हिरव्या झाडांच्या भिंती. ओजस आत हरवला आणि आनंदात ओरडत राहिला. ते तो स्वतः लिहिणार आहे.

आता मूळ गोष्ट. किल्ल्यात काचेच्या पेटीत अ‍ॅनच्या दोन प्रार्थनेच्या पोथ्या आहेत. हाताच्या पंजात मावतील एवढ्या. त्यातली एक पॅरिसमध्ये 1527च्या सुमारास चर्मपत्रावर छापलेली. तिच्यात तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीय आणि खाली सही केलीय. अर्थ असा, की प्रार्थना करशील तेव्हा माझी आठवण ठेव, आशा एकेक दिवस पुढे नेते.

तिला मारल्यावर तिची वस्तू जवळ बाळगणं धोक्याचं होतं. मग ही पोथी वाचली कशी? 2021 मध्ये एका तरुण संशोधक मुलीने पानांवर अतिनील प्रकाश टाकला, तेव्हा खोडून टाकलेली अक्षरं दिसायला लागली. ती नावं होती. केंटमधल्या घराण्यांतल्या माणसांची, नात्यागोत्याने एकमेकींशी जोडलेल्या बायकांच्या घरांतली. या हातातून त्या हातात, आईकडून मुलीकडे, अशी त्यांनी ती जपली.

आई, आजीच्या पोथीचं शेवटचं पान आठवतं का तुला? श्रावणी सोमवारी ती अकरावा अध्याय वाचायची ती, लाल कापडात बांधलेली. त्या पानावर पणजीने मोडी वळणाच्या अक्षरात आपलं नाव लिहिलं होतं, गोदा. त्यावर कुणीतरी काट मारून खाली लिहिलंय, लक्ष्मी. लग्नात नाव बदललं म्हणून. त्याखाली आजीचं सासरचं नाव, मग आत्यांच्या आणि बाबांच्या जन्माच्या तिथी. तुझं नाव कुठेच नाही. तू त्या घरात चव्वेचाळीस वर्षं राहिलीस.

ती पोथी कुणाला देऊ नकोस. वाचनालयालाही नको. वाळवी लागली असेल तर कडुनिंबाचा पाला घालून ठेव, बांधणी सुटली असेल तर सुटू दे, मी येईन तेव्हा करून घेऊ. पण त्याआधी एक काम कर. त्या पानावर तुझं नाव लिही. आधी माहेरचं, जे मला आजोळच्या मामाकडून कळलं आणि ज्या नावाने तुला आता कुणीच हाक मारत नाही. मग सासरचं. बाबा, तुम्ही तिला पेन द्या आणि समोर बसा, नाहीतर ती "नंतर बघू" म्हणेल. खाली थोडी जागा माझ्यासाठी सोड.

मी 20 ऑक्टोबरच्या आसपास सुट्टी टाकतेय. सामान हलवायला मी असेन. जड पेट्या बाबांनी उचलू नयेत, गुडघ्याचं तेल इथून आणते. देव्हारा मी आल्यावर हलवा.

सोबत ओजसने काढलेलं खंदकाचं चित्र पाठवतेय. पाण्यात बदकं आहेत, ती त्याने अगदी मोजून काढलीत.

तुमची,
सुनीता