ताई, त्या मास्कसाठी आणि बाकी सगळ्यासाठीच मनापासून थँक्यू

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून लगेच विषय बदललात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. त्यात खूप काही होतं. मी अजूनही त्यातून बाहेर आलेले नाहीये, लिहितानासुद्धा गळा दाटून येतोय, त्यामुळे काही वाक्यं इकडची तिकडे झाली तर चालवून घ्या.

तुम्ही भेटायच्या आधी काय झालं ते तुम्हाला थोडंच माहितीये. स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरायचा कोर्स संपला, स्वतःचा सेट घ्यायचं ठरवलं आणि ज्यांच्याकडे विचारायला गेले त्यांनी सरळ "बिगिनर पॅकेज" समोर ठेवलं. मास्क, फिन्स (पायात घालायचे पंख), वेटसूट, बीसीडी (हवा भरून तरंगायला मदत करणारं जाकीट), रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), वेट बेल्ट (खाली जायला कमरेला लावायची वजनं), वर सिलिंडरसुद्धा, सगळं एकदम घ्या. माझ्या पायाचं माप नाही घेतलं, मी गरम पाण्यात उतरणार की थंड पाण्यात हे नाही विचारलं, डाइव्हिंगसाठी विमानाने जाणार की गाडीने हेही नाही. मास्कमध्ये पाणी येतंय असं मी कोर्सपासून सांगत होते. उत्तर एकच, पट्टा घट्ट कर. घट्ट केला तर अजून जास्त पाणी यायचं, नाकात जायचं, मी घाबरून वर बघायचे, आणि मग सगळ्यांच्या समोर "तू पॅनिक होतेस, सगळ्यांनाच जमतं असं नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. पैसे घेताना मात्र कोणालाच वाटलं नाही की हिला जमणार नाही तर हिला एवढं सामान कशाला विकायचं. याचा राग अजून आहे आणि तो मी लपवणार नाही.

आणि मग तुम्ही. तुम्ही आधी काही शिकवलं नाहीत, समजावलं नाहीत. म्हणालात, "तुझा मास्क आण बघू." मला मान वर करून छताकडे बघायला लावलंत, मास्क पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवलात, आणि तुमचं बोट त्याच्या सिलिकॉनच्या कडेवरून हळूहळू फिरवलंत. कपाळावरून, कानशिलाजवळून, गालावरून, नाकाखालून. कानशिलापाशी माझी एक बट आत अडकलेली होती ती अलगद बाहेर काढलीत. परत फिरवलंत. नाकाच्या बाजूला, हसल्यावर सुरकुती पडते ना तिथे, बोट थांबलं. "इथे उघडं राहतंय." मग नाकातून हलकाच श्वास आत ओढायला सांगितलात, मास्क क्षणभर चिकटला आणि सुटला. रेग्युलेटरचं माउथपीस तोंडात धरायला लावून परत केलंत, कारण तोंडात काही धरलं की गालांचा आकार बदलतो, तेव्हा तर तो लगेचच सुटला. आणि तुम्ही म्हणालात, "तुझ्यात काही खोट नाहीये गं. हा मास्क तुझ्या चेहऱ्याचा नाहीये, रुंद आहे. पट्टा आवळला की कड मुडपते आणि पाणी अजून येतं."

बस, एवढंच. तुम्हाला ते आठवतही नसेल. मला मात्र ते बोट कड तपासत गेलेलं अजून चेहऱ्यावर जाणवतं. इतके दिवस सगळे माझ्याकडे बघत होते आणि मीच कशी घाबरट आहे ते सांगत होते, मास्ककडे कोणी बघितलंच नव्हतं. तुम्ही बघितलंत. अर्ध्या मिनिटाचं काम होतं हो!

नंतर तुम्ही किती मास्क ट्राय करायला लावलेत ते मोजलं नाही, पण एकदाही कंटाळा दाखवला नाहीत. जो शेवटी बसला तो दिसायला साधाच होता, आतली जागा कमी असलेला, काळ्या सिलिकॉनचा, आणि त्याच्या काचेजवळ कोनाड्यासारखी जी नाकाची जागा असते ती ग्लोव्हज घालूनही चिमटीत धरता येते की नाही हे तुम्ही मलाच करून बघायला लावलंत, कारण खाली जाताना कान मोकळे करायचे तर नाक धरता आलंच पाहिजे. पोहण्याच्या गॉगलने डाइव्ह का करता येत नाही हेही त्याच ओघात सांगितलंत. दर दहा मीटरला साधारण एक बार, म्हणजे वरच्या हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो, आतली हवा आकसते, गॉगल डोळ्यांना ओढायला लागतो, आणि नाक बाहेर असल्यामुळे आत हवा सोडून ते सैल करायची सोयच नाही. कोर्समध्ये हे शिकलेच होते, पण मास्क हातात धरून ऐकलं तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

नवा मास्क घरी नेऊन काच आतून टूथपेस्टने घासायला सांगितलीत, आणि काचेला काही खास कोटिंग असेल तर आधी कंपनीच्या सूचना वाच असंही. फॅक्टरीतून येताना काचेवर जो थर राहिलेला असतो त्यामुळे नवा मास्क धुरकट होतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मला वाटायचं धुकं धरणारच, त्याला काय करणार.

आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही मला अर्धं सामान घेऊच दिलं नाहीत. मास्क घे, टाचेला पट्टा असलेले फिन्स आणि बूट घे, किती खोल, किती वेळ राहायचं ते सांगणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर घे, वर येताना बोटींना दिसावं म्हणून एसएमबी (पाण्यावर उभा राहणारा फुगवायचा रंगीत नळा) आणि शिट्टी घे. सिलिंडर आणि वेट्स जिथे जाशील तिथे भाड्याने मिळतात, ते वाहून न्यायचं कारण नाही. कॉम्प्युटर दुसऱ्याचा मागून घ्यायचा नाही, कारण ज्याचा त्याचा कॉम्प्युटर त्याच्याच आधीच्या डाइव्हचा हिशेब ठेवतो, शेजारणीच्या कॉम्प्युटरला तुझा हिशेब माहीत नसतो. रेग्युलेटरच्या वेळी मी रंग बघत होते आणि तुम्ही विचारलंत, सिलिंडरला जोडायचं टोक डिनचं (आट्यांनी आत बसणारं) की योकचं (वरून आवळून बसणारं), जिथे जाणार तिथे काय चालतं, सोबत अडॅप्टर ठेवणार का, आणि याची सर्व्हिसिंग तुला जवळ कुठे करून मिळेल? शेवटचा प्रश्न कोणी विकणारा विचारतच नाही. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी अ‍ॅक्वा-लंग बनवलं तेव्हापासून रेग्युलेटरचं मुख्य काम एकच आहे, मागशील तेव्हा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा द्यायची, आणि ते काम नीट व्हायचं तर रंगापेक्षा सर्व्हिस महत्त्वाची, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की मला लाज वाटायची वेळच आली नाही.

वेटसूटचं तर काय सांगू. मी आरामात बसणारा उचलला होता. तुम्ही पाठीमागून कमरेपाशी कापड चिमटीत धरलंत, सहज हातात आलं. "इथे पाणी खेळत राहणार आणि तू कुडकुडणार." पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं आणि खोलवर गेलं की वेटसूटचं निओप्रीन रबर दबून पातळ होतं, म्हणून गरम पाण्यातसुद्धा तीन मिलीमीटरचा का होईना पण अंगाला धरून बसणारा हवा. बीसीडी तर मला वेटसूट घातल्यावरच ट्राय करायला दिलात, पूर्ण फुगवून, बरगड्या दाबतायत का, वर सरकतंय का ते बघितलंत, मग डोळे मिटायला लावून माझा हात धरून एकेक जागा दाखवलीत, इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायचं बटण) इथे, ऑक्टोपस (अडचणीत दुसऱ्याला द्यायचं जादाचं तोंड) इथे, वेट्स सोडायचं हँडल इथे. आणि मग हात सोडून म्हणालात, आता तुझं तू शोध.

पॅकिंगच्या संध्याकाळी तुम्ही यायची काहीच गरज नव्हती. मी सगळं एका बॅगेत कोंबलं होतं, रेग्युलेटर तळाला आणि त्यावर फिन्स. तुम्ही सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडलंत. फिन्स बॅगेच्या दोन्ही बाजूंना उभे, बूट त्यांच्या पोकळीत, बीसीडीतली हवा काढून मधे सपाट, वेटसूटची घडी वरून गादीसारखी. मास्क त्याच्या कडक डबीत. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत, बॅटऱ्यांची टोकं टेप लावून झाकलेली. अडकलेली दोरी कापायचं लाइन कटर मात्र चेक-इनमध्ये, नाहीतर सिक्युरिटीत काढून घेतील. रेग्युलेटरचे होज (हवेच्या नळ्या) मी घट्ट गुंडाळले होते ते तुम्ही सोडवून मोठ्या वेटोळ्यात ठेवलेत, मेटलच्या तोंडापाशी कुठेही मुडपायला नको म्हणून. आणि फर्स्ट स्टेजची, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला जोडायच्या भागाची डस्ट कॅप लावायच्या आधी तुमच्या ओढणीच्या टोकाने ती आतून पुसलीत, मग उजेडात धरून बघितलीत ओल राहिलीये का. कोणाच्या तरी सामानासाठी इतकं जपून करणारी माणसं मी फार कमी बघितलीत ताई. शेवटी एका छोट्या डबीत दोन-चार ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या), जादाचं माउथपीस, केबल टाय आणि फिनचा एक पट्टा टाकलात. "एवढ्याशा रबरासाठी अख्खी डाइव्ह वाया जाते गं."

चांगली माणसं असतात हो, पण ती आवाज करत नाहीत म्हणून पटकन सापडत नाहीत. ज्याला येतं त्याने समोरच्याला कमी न लेखता शिकवणं ही साधी गोष्ट असायला हवी होती, ती इतकी दुर्मिळ का झालीये मला कळत नाही. तुम्हाला माझ्याकडून काहीच मिळणार नव्हतं. कमिशन नाही, फी नाही. मी विद्यार्थिनीसुद्धा नव्हते तुमची. उलट मला कमी सामानात, स्वस्तात भागवायला शिकवून तुम्ही कोणाकोणाचा धंदाच बुडवलात, आणि त्याबद्दल काही जण तुमच्यावर नाराज आहेत हे मला नंतर कळलं. ते कळल्यावर तर मला हे लिहिल्याशिवाय राहवेना.

पाण्यात काय झालं ते फोनवर अर्धंच सांगितलं होतं. उतरले, खाली गेले, नाकातून मास्कमध्ये थोडी हवा सोडली, कान मोकळे केले, आणि मास्क कोरडा. पूर्ण डाइव्हभर कोरडा! मधे मी मुद्दाम थोडं पाणी आत घेऊन ते बाहेर काढून बघितलं, कोर्समध्ये ज्याची सगळ्यात भीती वाटायची तेच, आणि काही झालं नाही. माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, मला वर आल्यावर म्हणाली तू खाली किती निवांत होतीस. निवांत! मला! पॅनिक होणारी म्हणून जिची ओळख होती तिला.

आल्यावर सगळं तुम्ही सांगितलं तसंच गोड्या पाण्यात धुतलं, डस्ट कॅप लावून, रेग्युलेटरचं पर्ज बटण (हवा जोरात सोडायचं) न दाबता, आणि बीसीडीच्या आत पाणी घालून हलवून ते सगळं काढून टाकलं. सावलीत वाळत घातलंय. पुढच्या वेळी जरा थंड पाण्यात जायचा बेत चाललाय, त्यासाठी पाच मिलीमीटरचा सूट बघतेय, दोन मापांमधे अडकलेय आणि तुम्ही कमरेपाशी चिमटीत धरून बघितल्याशिवाय मी घेणार नाहीये. तुम्हाला वेळ असेल तो दिवस सांगा, मी येते.

तुमचीच,
मास्कवाली