विट्याच्या रेडिओवाल्या काकांना, माझ्या गाडीच्या आवाजाबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दुकानात उभं राहून आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, गाडी सावलीत लाव" म्हणता आणि हातातल्या रेडिओत पुन्हा डोकं घालता. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. तुमचा नातू वाचून दाखवील. गाडीवर पेटी बांधून गावोगाव फिरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी पाव विकतो, कुणी भाजी, कुणी कटलरी. त्यातल्या एखाद्याचा स्पीकर असाच चिरकत असेल तर तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यालाही मिळावं.

आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. विटा आणि आसपासच्या गावांतली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गावात मोठाली स्लॅबची घरं आणि आत दोन म्हातारी माणसं, असं चित्र घरोघरी. लेंगरे, भाळवणी, रेणावी, कुठंही जा. सकाळी माझी स्प्लेंडर गावात शिरते तेव्हा तिच्यावर आधी अभंग लागतो आणि मग माझ्या आवाजात, "पाव, बटर, खारी, टोस्ट". गुडघे धरलेल्या आजीला ओसरीवरून उठून, डबा शोधून, कमरेचे पैसे काढून दारात यायला वेळ लागतो. मी मागच्या आळीत असतानाच तिला कळलं तर ती मला गाठते. नाहीतर ती दारात येईतो मी पुढच्या वस्तीवर. त्यामुळं आवाज नुसता मोठा असून भागत नाही, शब्द कळावा लागतो.

आणि गेल्या पावसाळ्यात नेमका शब्दच कळेनासा झाला. रेस दिली की शिट्टी वाजायची, रेस वाढेल तशी तीही वर चढायची. मागून टिकटिक. खड्ड्यात गाडी आपटली की आवाज गप्प, पुढच्या खड्ड्यात परत चालू. आणि अभंगातला पखवाज तर कुठं गेला तेच समजेना, नुसते टाळ कानाला टोचायचे. लेंगऱ्याच्या एका आजीनं विचारलं, "आरं, पाववाला बदलला का? मला वाटलं चक्कीचा पट्टा घसरतोय." त्या महिन्यात तिच्याकडं तीनदा चुकामूक झाली. तिला दिसतं कमी, तिचा सगळा भरवसा कानावर.

एका दुकानात दाखवलं तर त्यांनी पेटी न उघडताच सांगितलं, अॅम्प्लिफायर गेला, दोन्ही स्पीकर गेले, नवा सेट घ्या. पाच हजारांच्या पुढं आकडा होता. पावावर किती सुटतात ते तुम्हाला माहीत आहे. त्याच दिवशी कुणीतरी तुमचा पत्ता दिला.

काका, तुम्ही अॅम्प्लिफायरला हातच लावला नाहीत, हे मला अजून आठवतं. आधी म्हणालात, "गाडी चालू कर आणि नुसती ऐकू दे." डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही." पुढचा दीड तास तुम्ही हा नेम मोडला नाहीत. मी दोनदा घाई केली, दोन्ही वेळा तुम्ही माझा हात बाजूला केलात.

पहिल्यांदा तुम्ही मोबाईलच्या चार्जरची पिन उपसलीत, आणि शिट्टी निम्म्याहून खाली आली. मी बघतच राहिलो. मोबाईल गाडीच्याच बॅटरीवर चार्ज होतोय आणि त्याच मोबाईलमधून ऑक्सच्या वायरीनं गाणं अॅम्प्लिफायरला जातंय, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा झाल्या. गाडीच्या कॉइलमधून जो करंट तयार होतो त्याची भणभण त्या दुसऱ्या वाटेनं गाण्यात शिरते. इंजिन जोरात फिरलं की ती जोरात, म्हणून शिट्टी रेसबरोबर चढते. हे तुम्ही मला कागदावर दोन रेघा ओढून समजावलंत. एकतर मोबाईल घरून चार्ज करून आण, नाहीतर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाक, असे दोन उपाय सांगितलेत. आधी महिनाभर घरून चार्ज करून नेला. पुढं आयसोलेटर घेतला. आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पलीकडं जातं पण तारेला तार जोडलेली राहत नाही.

उरलेली शिट्टी अर्थिंगची निघाली. फिटरनं अॅम्प्लिफायरची काळी वायर कॅरिअरच्या नटाखाली दाबली होती. खाली रंग, रंगाखाली गंज. तुम्ही गाणं चालू ठेवून मीटरची एक टोची बॅटरीच्या मायनसला लावलीत, दुसरी अॅम्प्लिफायरच्या मायनसला. मीटरवर ०.९ आलं. "इथं शून्याजवळ पाहिजे. सगळा एक व्होल्ट गंजातच चाललाय." मग जाड वायर सरळ बॅटरीपासून ओढलीत, टोकांना थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, दाबून सोल्डरचा डाग दिलात, आणि लाल वायरीला बॅटरीशेजारीच फ्यूज. आधी फ्यूज नव्हताच. पेटीत पाव, कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि खालून उघडी लाल वायर पत्र्याला घासत गेलेली. ती घासलेली जागा तुम्ही मला बोटानं चाचपायला लावलीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा मीटर लावला तेव्हा ०.०४ होतं, आणि खड्ड्यातलं गप्प होणंही तिथंच संपलं.

टिकटिक शोधायला तुम्ही फडताळातून खिशातला ट्रान्झिस्टर काढलात. मिडियम वेव्हवर, जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवलात आणि गाडी चालू करून तो हळूहळू फिरवलात. टाकीजवळ नुसती खसखस. आरआर युनिटजवळ, म्हणजे बॅटरीला जाणारा करंट आवरणाऱ्या डबीजवळ, थोडी भणभण. प्लगजवळ आणला आणि तड तड तड तड, इंजिनाच्या ठोक्याला ठोका. डॉक्टर पाठीवर नळी फिरवतात तसा तो रेडिओ तुम्ही गाडीवर फिरवत होता. प्लगची टोपी मागं कुणीतरी साधी बसवली होती, आत रेझिस्टन्स नसलेली. ५ किलो-ओहमची टोपी बसवली, ठिणगीचा उपद्रव गेला. प्लगच्या नंबरात आर हे अक्षर असलं की तो रेझिस्टरचा प्लग, हेही तेव्हा कळलं. इतकी वर्षं प्लग बदलतोय, नंबर कधी वाचला नव्हता.

आता पखवाजाचं. हे मी थोडं सावकाश लिहितो, कारण त्या दुपारची ही गोष्ट मी आजवर निदान पन्नास जणांना सांगितली असेल.

तुम्ही भिंतीवरचं घड्याळ उतरवलंत आणि त्यातला दीड व्होल्टचा सेल काढलात. पेटीच्या डाव्या स्पीकरच्या दोन्ही वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवल्यात. लाल वायर सेलच्या टोकाला, काळी बुडाला, नुसती टेकवायची आणि उचलायची. टप् असा बारीक आवाज झाला. "जाळीतून कोनाकडं बघ," म्हणालात, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याकडं. मी वाकून बघितलं. कोन टप् झाला की बाहेर यायचा, माझ्याकडं. मग उजव्याला तसंच केलंत, लाल टोकाला, काळी बुडाला. टप्. उजवा कोन आत गेला. मी परत करायला लावलं, पाच वेळा, आणि पाचही वेळा तो आतच गेला. फिटरनं एका स्पीकरला प्लस म्हणून रेघेची वायर वापरली होती आणि दुसऱ्याला बिनरेघेची, त्यात प्लस-मायनस उलटं झालं होतं.

"एका जूला दोन बैल जुंपलेत," तुम्ही म्हणालात, "एक पुढं ओढतोय, एक मागं. गाडा हलेल कसा?" डावा स्पीकर हवा ढकलतो त्याच क्षणी उजवा ती ओढून घेतो, आणि जाड आवाज एकमेकांत जिरून जातो. बारीक आवाजाला त्याचा फटका कमी, म्हणून टाळ राहिले आणि पखवाज गेला. उजव्याच्या दोन वायरी तुम्ही उलट्या केल्यात. एवढंच. मला रस्त्यापलीकडं, वीस पावलांवर उभं केलंत आणि अभंग लावलात. पहिली थाप पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. दोन महिने ती थाप पेटीतच मरत होती. एक रुपयाचं सामान न लावता तुम्ही ती बाहेर काढलीत.

मग स्पीकरच्या कडेला फट होती ती बुजवलीत. मागचा आवाज फटीतून पुढं आला की तोही पुढच्याला मारतो, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून स्क्रूखाली दाबलीत. ती चकती अजून टिकून आहे.

वॉटचा हिशेब तुम्ही सांगितलात तो मी आता ज्याला त्याला सांगतो. अॅम्प्लिफायरच्या डब्यावर १००० वॉट छापलं होतं आणि मी त्या भरवशावर बास आणि आवाज दोन्ही शेवटापर्यंत पिळत होतो. तुम्ही म्हणालात, १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला असा अॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजात १८ वॉटच्या आसपासच देऊ शकतो, गाडी चालू असून १४ व्होल्ट मिळाले तर थोडे जास्त. त्यापुढं पिळलं की आवाजाच्या लाटेचं डोकं छाटलं जातं आणि कानाला फाटका आवाज येतो. बास वाढवला की हे फार लवकर होतं. म्हणून बासचं बटण मध्यावर ठेवून मोठ्या आवाजाची हद्द तुम्ही खडूच्या खुणेनं ठरवून दिलीत. खडू पुसला गेला, तिथं मी आता नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

गाडी बंद करून वाजवत उभं राहायचं नाही हेही बजावलंत. बॅटरी फक्त ३ अँपिअर-अवरची. पंधरावीस मिनिटांत व्होल्टेज खाली येतं आणि आवाज परत फाटायला लागतो. मग सकाळी गाडी किकवर.

सगळं झाल्यावर तुम्ही माझी आरोळी ऐकलीत. ती मी घरात रेकॉर्ड केली होती, पत्र्याखाली, आणि व्हॉट्सअॅपवर चार फोन फिरून परत माझ्याकडं आली होती. "गाडी बरी झाली, आता गळा बरा करू." दुकानाच्या मागच्या खोलीत दोरीवर गोधडी टाकलीत, मला तिच्याकडं तोंड करून उभं केलंत आणि म्हणालात, ओरडू नको, आजीशी बोलतोस तसं बोल. सहा वेळा म्हणून घेतलंत. "खारी"तला "खा" मोकळा येईना म्हणून सातव्यांदा. तेच रेकॉर्डिंग आजही चालतं, मूळ फाइल, कुठं न फिरवलेली.

जाताना एक गोष्ट सांगितलीत ती मी पाळतो. सकाळी ६ च्या आत लाऊडस्पीकर लावायचा नाही, आणि शाळा-दवाखान्यापासून १०० मीटरच्या आत बंद. आरोग्य केंद्राच्या वळणावर मी आता आपोआप बटण फिरवतो.

वायर, थिंबल, फ्यूज आणि प्लगची टोपी, एवढ्याचेच पैसे घेतलेत. दीड तासाच्या कामाचे किती म्हटलं तर तुम्ही पेटीतला टोस्टचा एक पुडा उचललात आणि फोडून निम्मा मलाच दिलात. पाच हजारांचा सेट मी उधारीवर घेणार होतो, काका. ते पैसे मुलीच्या शाळेच्या फीला गेले. हे मी तुम्हाला तेव्हा बोललो नव्हतो.

लेंगऱ्याच्या त्या आजीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी मी मारुतीच्या देवळाशी वळायच्या आत ती पायरीवर येऊन बसली होती, डबा मांडीवर. म्हणाली, "आज मृदंग ऐकू आला बघ." आता रोज तिथंच बसलेली असते. परवा तिच्या मुलाचा फोन चालू होता, तर तिनं फोन माझ्या स्पीकरकडं धरला, त्याला ऐकवायला.

यंदाच्या पहिल्या पावसात डावा स्पीकर थोडा भिजलाय. तुम्ही शिकवलं तसं दोन्ही अंगठे कोनाच्या कडेला ठेवून सरळ आत दाबून बघितला. उजवा मऊ जातो, डाव्याला खरखर लागते. कोनाला चिकटलेली कॉइल आत घासत असणार. मीटर लावला तर ३.४ ओहम दाखवतोय, म्हणजे जळलेला नाही. उघडला नाही, तुमच्यासमोरच उघडीन. सोमवारची खेप संपली की दुपारी येतो. तोवर एका उजव्यावर चालवतोय, खुणेच्या खाली.

येताना खारी आणतो, त्या दिवशीचीच.

तुमचा,
पेटीवाला स्प्लेंडरवाला