चेक इंजिनचा कोड पुसायच्या आधी लिहून घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर नवीन मॉडेल, मायलेज, किमती सगळं येतं, पण डॅशबोर्डवरच्या त्या पिवळ्या ‘चेक इंजिन’ लाईटबद्दल कुणी काही लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे आणि या एका लाईटपायी लोकांचा किती पैसा फुकट जातो ते रोज बघतोय, आता राहवत नाही.

लाईट लागली की स्टेअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला स्कॅनर लावतात आणि कोड येतो, समजा पी०१७१. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा विषय, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड (तिथे १ असेल तर बहुतेक वेळा त्या कंपनीचा स्वतःचा), त्यानंतरचा १ म्हणजे इंधन आणि हवेचं मोजमाप, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. पी०१७१ ची तक्रार एवढीच की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कुठला पार्ट गेलाय हे त्यात कुठेच नसतं. पण धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या रीडिंगवरून कोड आला ना, मग बदला सेन्सर, हजारोंचं बिल, कोड इरेज, लाईट बंद, गिऱ्हाईक खूश. आणि चार दिवसांनी लाईट परत हजर.

मध्यंतरी अशीच एक गाडी आली, दुसरीकडे सेन्सर बदलून झालेला, तरी आंबा घाट चढताना लाईट लागायचीच. उभ्या गाडीत, आयडलला सगळं नॉर्मल. कोड पडतो त्या क्षणाची माहिती ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) साठवून ठेवतो, आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, इंजिनचं टेंपरेचर किती, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, पण आधीच्या ठिकाणी कोड इरेज करताना तीही गेली होती. मग मालकाला म्हटलं परत घाट चढून या आणि लाईट लागली की काही न पुसता तशीच गाडी आणा. आणली तेव्हा दिसलं की लोड भरपूर आणि फ्युएल ट्रिम प्लस पंचवीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत सुटलाय तरी पुरत नाही. पेट्रोलच्या लाईनला प्रेशर गेज लावून गाडी ओढली तर लोडवर प्रेशर खाली येत होतं. टाकीतला पंप काढला तर त्याची जाळी गाळाने भरलेली! सेन्सर बिचारा पहिल्यापासून खरंच सांगत होता.

पी०३०१ चंही तसंच, एक नंबरचा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट जळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लगेच प्लगला करंट देणारी कॉइल विकत घ्यायची काही गरज नसते, प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर एकची दोनवर आणि दोनची एकवर लावून बघायची, कोड पी०३०२ झाला तर कॉइल खराब, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा. दहा-पंधरा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

माझ्याच धंद्यातल्या मित्रांना हे आवडणार नाही पण गाडीमालकांनी आग्रह धरावा, कोड इरेज करायच्या आधी तो कोड आणि फ्रीझ फ्रेम जॉब कार्डावर लिहून घ्या, नाहीतर स्कॅनरच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, आणि पार्ट बदलायचा म्हटला की काय टेस्ट करून ठरवलं ते विचारा. ज्याने खरंच टेस्ट केलीय तो दोन मिनिटात सांगतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हापासून बाईक-स्कूटरलाही ही लाईट आहे, तेव्हा हा फक्त कारवाल्यांचा प्रश्न राहिलेला नाही. आरटीओने किंवा आयटीआयने यावर काही केलं तर उत्तमच.

आणि एक गोष्ट कृपा करून ठळक छापा. कारची लाईट स्थिर असेल, टेंपरेचर आणि ऑइलची लाईट ठीक असेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाता येतं. पण लाईट लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिस करतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो आणि तो पार्ट फार महाग आहे. तेव्हा लगेच ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या.

आपला,
एक गॅरेजवाला, कोल्हापूर