स्मृतिभ्रंशाचे संशोधन आणि सहा महिन्यांचे एक्स्टेंशन

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली यांस,

महोदय,

मी पुण्यात स्मृतिभ्रंशावरील (डिमेन्शिया) एका प्रकल्पात काम करते. पीएच.डी. होऊन दोन वर्षे झाली. या काळात मला तीन नेमणूकपत्रे मिळाली आणि त्यांतले एकही पूर्ण वर्षाचे नव्हते. हे पत्र माझ्या एकटीच्या नोकरीसाठी नाही. ज्या आजाराचा अभ्यास आम्ही करतो, त्याची गती आणि आमच्या नेमणुकीची मुदत यांचा मेळ बसत नाही, एवढेच मला मांडायचे आहे.

लासी-डॅड या ज्येष्ठांच्या स्मृतिभ्रंशाविषयीच्या देशव्यापी पाहणीच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातील साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तो कुणाला, कधी आणि कशामुळे होतो हे एका भेटीत कळत नाही; त्याच माणसाकडे वर्षावर्षाने पुन्हा जावे लागते. गेल्या वर्षी एका आजींना मी आजची तारीख विचारली. त्यांनी चतुर्थी सांगितली, आणि त्या दिवशी चतुर्थीच होती. छापील तक्त्यानुसार उत्तर चूक ठरले असते. अशा ठिकाणी गुण कसे द्यायचे, घड्याळाचे चित्र काढायला सांगितल्यावर कधीच शाळेत न गेलेल्या बाईला संकोच वाटतो आहे की खरोखरच जमत नाही, हे ओळखायला सहकाऱ्यांना वर्ष-दीड वर्ष लागते. त्यातून आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) स्मृतिचाचण्यांचा जो संच सुरुवातीला पाच भारतीय भाषांत तयार केला, त्यांत मराठी नव्हती. त्यामुळे इथे हे शिक्षण बरेचसे हाताखाली काम करूनच होते.

मग अनुदानाचा हप्ता थांबतो. मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेले पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, आमच्या भाषेत यूसी, कुठेतरी अडकलेले असते. आमच्या गटाला एकदा पाच महिने पगार नव्हता. त्या काळात चाचण्या घेणारे दोघे सोडून गेले. पुढच्या भेटीत त्या आजींसमोर नवीन मुलगी बसली. आता गुण घसरले तर ते आजींमुळे की परीक्षक बदलल्यामुळे, हे कोण सांगणार?

पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप 2023 मध्ये दरमहा 31 हजारांवरून 37 हजार रुपये झाली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण घरमालकाला रक्कम किती याहून ती कधी येते याच्याशी देणेघेणे असते. नव्याने आलेल्यांना आमचे सीनियर सल्ला देतात, की जर्मन शिकून घ्या, नाहीतर क्लिनिकल ट्रायल करणाऱ्या कंपनीत जा. ते चुकीचे सांगतात असे मला म्हणवत नाही. मीही परवा एका विद्यार्थिनीला तेच सांगितले.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरमध्ये ग्रामीण लोकांचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास करत आहे. त्यामागे प्रामुख्याने एका खासगी न्यासाचा पैसा आहे. सरकारी अनुदानावर असे काम व्हायचे असेल, तर मंजूर प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीसाठी एकच नेमणूकपत्र द्यावे आणि हप्ता रखडल्यास सहा महिन्यांपर्यंतचा पगार संस्थेने आगाऊ द्यावा यासाठी आपल्या विभागाने राखीव निधीची तरतूद करावी, ही विनंती. माझे सध्याचे पत्र मार्चअखेरीस संपते आणि आजींची पुढची भेट जूनमध्ये आहे.

आपली विश्वासू,
एक प्रकल्प संशोधक, पुणे