माजी आमदारांची कारकीर्द सभागृहाच्या कागदांत अडकली आहे

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई.

स.न.वि.वि.

माजी आमदार वारले की सभागृहात शोकप्रस्ताव येतो. जन्म, शिक्षण, कितव्यांदा निवडून आले, कोणती खाती सांभाळली, एवढे वाचले जाते आणि सभासद दोन मिनिटे उभे राहतात. कारकिर्दीचा खरा ऐवज मात्र कामकाजाच्या खंडांत असतो. खानदेशातल्या वाचकाच्या हाती तो लागत नाही, म्हणून हे पत्र.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरचे मधुकरराव चौधरी यांचेच घ्या. काँग्रेसचे फैजपूर अधिवेशन उभे करणाऱ्या धनाजी नानांचे चिरंजीव, राज्याचे शिक्षणमंत्री आणि 1990 ते 1995 विधानसभेचे अध्यक्ष. डिसेंबर 1991 मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून काही आमदारांसह बाहेर पडले तेव्हा ही फूट मानायची की पक्षांतर, हा निर्णय चौधरींकडे आला. त्या वेळी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, फुटीसाठी विधिमंडळ पक्षाच्या एक तृतीयांश सभासदांची अट होती. 1990 च्या निवडणुकीत सेनेचे 52 आमदार निवडून आले होते. त्याचा तिसरा हिस्सा सतरापेक्षा थोडा जास्त, म्हणजे माणसे अठरा हवीत. सतरा असते तर सगळेच अपात्रतेच्या दारात उभे राहिले असते. अध्यक्षांनी वेगळ्या गटाला मान्यता दिली. त्यातले बरेच जण पुढे मूळ पक्षात परतले.

अकरा वर्षांनी याच जिल्ह्यातले चोपड्याचे अरुणभाई गुजराथी त्याच खुर्चीवर होते. जून 2002 मध्ये विलासराव देशमुख सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाआधी त्यांनी सात आमदार अपात्र ठरवले. 288 तून सात वजा झाले की सभागृह 281 चे उरते आणि बहुमताचा आकडा 145 वरून 141 वर येतो. 13 जूनला ठराव 143 विरुद्ध 133 मतांनी मंजूर झाला. पुढे 91 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलतच काढून टाकली. पक्षांतराच्या कायद्याचा एवढा धडा जळगाव जिल्ह्याच्या दोन माणसांच्या निर्णयांत आहे. ते निर्णय इथल्या विद्यार्थ्याला मुळातून वाचता यायला हवेत.

शोधायला बसले की अडते ते इथे. अध्यक्ष बोलतात तेव्हा कार्यवाहीत नाव छापले जात नाही, ‘अध्यक्ष’ एवढेच असते. त्यामुळे ‘चौधरी’ शोधून त्यांचा एकही निर्णय सापडत नाही. लोक त्यांना बाळासाहेब म्हणून ओळखतात, कागदावर मधुकर धनाजी. तारांकित प्रश्नावर, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नावर, अनेक सभासदांची नावे असतात. मूळ सूचना कोणाची आणि सही जोडली कोणी, हे सूचीत वेगळे दिसले नाही तर प्रश्नांची नुसती संख्या मोजून काढलेला निष्कर्ष फसतो. आमच्याकडे पाटील आणि चौधरी आडनावाचे इतके आमदार झाले की वडिलांचे नाव नसलेली नोंद निरुपयोगीच समजावी.

मतदारसंघांचे त्याहून अवघड. प्रतिभाताई पाटील 1962 साली जळगावातून निवडून आल्या, नंतर 1985 पर्यंत एदलाबादमधून. 1979 मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या होत्या. आता एदलाबाद म्हणजे मुक्ताईनगर. यावल, पारोळा, कुसुंबा हे मतदारसंघ 2009 पासून नकाशावरच नाहीत. शिरपूर तेव्हापासून अनुसूचित जमातीसाठी राखीव झाला. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा, म्हणजे अक्कलकुवा-तळोद्याचे त्याआधीचे सगळे प्रश्न धुळे जिल्ह्याच्या नावाखाली. आजच्या यादीवरून शोधणाऱ्याला निम्मा इतिहास दिसतच नाही, आणि त्याला वाटते आपल्या आमदाराने तोंडच उघडले नाही.

साहेब, म्हणून मागणी नेमकी आहे. विधानमंडळ सचिवालयाने सभासदनिहाय सूची करावी. तिच्यात पूर्ण नाव, प्रचलित नाव, त्या काळचा मतदारसंघ आणि आजचा तालुका असे चार रकाने असावेत. अध्यक्षपदावरून दिलेले निर्णय नावानिशी वेगळे लावावेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या) सूचना आणि कपात (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करण्याच्या) सूचना स्वतंत्र असाव्यात. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनापुढे ते पुरे झाले का, हेही लिहावे. आश्वासन समितीच्या अहवालांतून तो रकाना भरता येईल. धरणाचे, रस्त्याचे, आश्रमशाळेचे आश्वासन कधी दिले होते, हे गावाला त्याच ओळीत कळेल. ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का असलेल्या पानांच्या जागी सुधारित प्रत चढवावी, नाहीतर त्यातल्या चुका प्रबंधांत जातात.

सुरुवात खानदेशापासून करावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा ग्रंथालयांत आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात छापील सूचीची एकेक प्रत द्यावी. 1960 ते 2004 हा काळ आधी घ्यावा. त्या काळातले जे माजी आमदार हयात आहेत, त्यांना आपापल्या नोंदी दाखवून दुरुस्त करून घेता येतील. हे काम आत्ताच होऊ शकते.

आपले,
खानदेशच्या विधिमंडळ इतिहासाचे अभ्यासक