छत्रीला जागा दिल्याबद्दल

फोंडा, गोवा

प्रिय बाय,

हे पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुला आवडणार नाही, माहीत आहे. पण गेलं वर्षभर ऑफिसात येणारा जो तो शिंपल्यांच्या खिडकीकडे बघून "वा, कोणी केलं?" विचारतो, मी "शेजारची मुलगी" म्हणतो, तो मान हलवतो आणि आयकर रिटर्नचं बोलायला लागतो. खिडकी तर सगळ्यात शेवटी आली. तिच्याआधी तू काय काय केलंस ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं. नाव घालत नाही, म्हणजे भांडायला येऊ नकोस.

आधीचं ऑफिस आठव. बाजाराजवळच्या कौलारू घराचा वरचा मजला, बाबा हिशेबनिशी करायचे तेव्हापासूनचा. सहा लोखंडी कपाटं, त्यांच्यावर गाठोडी, भिंतीवर पाच बँकांची पाच कॅलेंडरं. मध्ये एकदा मी हौसेने एका इंटिरिअरवाल्याकडून ते 'मॉडर्न' करून घेतलं होतं: पीओपीचं फॉल्स सीलिंग, पांढऱ्याफटक ट्यूब, एमडीएफची टेबलं. पहिल्याच पावसाळ्यात टेबलांच्या कडा दुधात बुडवलेल्या पावासारख्या फुगल्या. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात दाबलेल्या भुश्शाचं फर्निचर टिकणार नाही, हे त्याला कळायला हवं होतं. मलाही.

तुला मी बोलावलं ते फक्त रंग सुचवायला. तू शेडकार्ड आणलंच नाहीस. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आलीस, गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसलीस आणि संध्याकाळपर्यंत वहीत काहीबाही लिहीत राहिलीस. 31 जुलै, रिटर्नच्या मुदतीचा दिवस, म्हणजे आमच्या धंद्यातली गणेशचवथ, त्यात तू कोपऱ्यात बसून टिपणं काढतेस. मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

संध्याकाळी वही पुढे केलीस. दिवसभरात 23 माणसं आली. त्यातल्या 19 जणांनी दारात उभं राहून एकच गोष्ट केली: गळती छत्री हातात धरून इकडेतिकडे पाहिलं. कोणी ती खुर्चीला टेकवली, कोणी कपाटाच्या मुठीला अडकवली, एका बाईंनी मांडीवर घेतली आणि त्यांचा फॉर्म 16 भिजला. त्यावर मी आतून ओरडलो, "छत्री बाहेर ठेवा हो!" तेही लिहिलं होतंस, वेळेसकट. 11.40.

"काका, तुमच्याकडे माणूस आत शिरतानाच ओशाळतो," एवढंच म्हणालीस.

पणजीत आल्तिनोच्या कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेल्या मुलीने पहिलं काम काय काढावं, तर छत्र्यांचं. दाराशी चिऱ्याची उथळ पन्हळ, वर भिंतीला फणसाच्या लाकडाची फळी, फळीला बारा खुंट्या, पन्हळीतून एक पाइप थेट खालच्या गटारात. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त पडलं ते हेच. यंदाच्या जुलैत मी एकदाही ओरडलो नाही. हे माझं मत नव्हे, आमच्या टायपिस्टबाईंचं आहे, आणि त्या माझी खोटी स्तुती करतील अशातल्या नाहीत.

मग सीलिंग. तो दिवस मी विसरणार नाही. तू शिडीवर चढून पीओपीचा एक चौकोन वर ढकललास, डोकं आत घातलंस आणि बराच वेळ बोललीच नाहीस. "काका, बत्ती बंद करा बघू." बंद केली. त्या भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली आला आणि बरोबर बाबांच्या जुन्या खुर्चीवर पडला. बाबांनी कौलांत दोन काचेची कौलं बसवून घेतली होती, लहानपणी मी त्या उजेडाखाली पाढे म्हटले होते, आणि पुढे मीच पैसे मोजून ती झाकून टाकली होती.

सगळं सीलिंग काढू या, असं तू म्हणालीस आणि इथे आपलं वाजलं. कौलांखाली एसी चालत नाही, गारवा फटींतून निघून जातो आणि वीजबिल माझ्या नावावर येतं. तीन दिवस तू ऐकेनास. शेवटी बसायच्या बाजूचं काढलं, वासे-रिपा उघड्या ठेवल्या आणि पंखे लावले. कॉम्प्युटरच्या खोलीत सीलिंग आणि एसी दोन्ही राहिले. मला अजून वाटतं, त्या वादात माझं बरोबर होतं. पण मे महिन्यात दुपारी बसायला मीच काचेच्या कौलाखाली जातो, हेही खरं.

दिव्यांचं मात्र मी निमूट ऐकलं, कारण तू मोजून दाखवलंस. ट्यूब माझ्या पाठीमागे, म्हणजे माझीच सावली कागदावर. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर 300 ते 500 लक्स उजेड हवा, माझ्या टेबलावर तुझ्या फोनने 140 दाखवला. वीस वर्षं मी चष्म्याचे नंबर वाढवत होतो! 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूब गेल्या, टेबलांवर 4000चे दिवे आले, बाकाजवळ 3000चे, पिवळसर. तो बाक तू बाल्कांवातल्या, म्हणजे आपल्या घरांच्या दारापुढच्या ओसरीतल्या, सोप्यासारखा केलास, एकमेकांसमोर. आता लोक माझ्या तोंडाकडे टक लावून बसत नाहीत, आपापसांत शेतीवाडीचं बोलतात.

सगळ्यात जास्त लाज वाटली ती कपाटांपाशी. तू सहज विचारलंस, "कायद्याने किती वर्षं ठेवायचं असतं हे?" जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने, हे मी लोकांना रोज सांगतो. आणि माझ्या कपाटात 1991ची व्हाउचरं. बंद पडलेल्या दुकानांची, गेलेल्या माणसांची. ज्यांची मिळतील त्यांची परत केली, बाकीची फाडून रद्दीत घातली. चार कपाटं रिकामी झाली. बाबांच्या हातची एक रोजकीर्द तेवढी तू बाजूला काढलीस, लाल कापडाच्या बांधणीची, आणि फळीवर एकटीच ठेवलीस. मी ती उघडून बसलो तेव्हा तू काम करणाऱ्या मेस्ताला, मिस्त्रीला, चहाला घेऊन गेलीस. ते माझ्या लक्षात आलं होतं.

रंगाचं अखेर झालं, पण तेही तुझ्याच पद्धतीने. चिऱ्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट थापला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि पापुद्रे सुटतात; तो खरवडून चुना दिलास. गुडघ्यापर्यंत काव, आपल्या देवळांवरच्या कावी चित्रांतली तीच तांबडी. बुटांचे डाग, छत्रीचे शिंतोडे, काही दिसत नाही. त्याआधी एका रविवारी तू मला पणजीच्या कला अकादमीत घेऊन गेलीस. तिथे मी तीस वर्षं नाटकं पाहतोय, पण ती बांधणारे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी माणसाला रस्त्यावरून थेट मांडवी नदीपर्यंत कसं चालत नेलंय, मध्ये कुठे दारच आडवं येऊ न देता, हे कधी पाहिलं नव्हतं. तिकीट काढायचं, आत जायचं, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी चित्रांत भिंतींवर बसवलेले प्रेक्षक बघून हसायचं, एवढंच माझं.

खिडकीबद्दल आता लोकांना सांगतो: मामाचं घर पाडलं तेव्हा निघालेली ती झडप आहे. काच महाग होती त्या काळात लाकडी पट्ट्यांत हे चपटे शिंपले सरकवून बसवत; उजेड आत येतो पण ऊन बोचत नाही. तू ती टेबल आणि बाकाच्या मध्ये आडोसा म्हणून उभी केलीस. पलीकडची माणसं सावलीसारखी हलताना दिसतात, कागदावरचे आकडे कोणाला दिसत नाहीत. आमच्या धंद्यात याहून मोठी सोय नाही.

मेस्ताने चवथीआधी काम देतो म्हटलं होतं, दिवाळीनंतर दिलं. तो दोष तुझा नाही, तो गोव्याचा आहे.

पैशांचा विषय काढला की तू फोन ठेवतेस. निदान येत्या जुलैत एकदा येऊन बस, तुझ्याच बाकावर, हवं तर वही घेऊन. पाच कॅलेंडरं तू उतरवायला लावलीस, ती उतरली आहेत. फक्त दाराच्या मागे बघू नकोस. तिथे एक कालनिर्णय आहे.

तुझा,
काका