आइन्स्टाइन कारखान्यात लागतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सापेक्षतावाद परीक्षेपुरता, कारखान्यात त्याचे काय काम?’ हे आपल्या एका वाचकाचे मत मला अर्धेच पटले. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत लेथवर शाफ्ट कातायला न्यूटनचे नियम पुरतात; माझी सगळी नोकरी त्यावरच निभावली. ओझरच्या कारखान्यातल्या विमानाच्या सांगाड्यालाही तेच पुरतात. अडते ते घड्याळापाशी.

उपग्रहाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून जीपीएस आपली जागा सांगते, म्हणून घड्याळ अचूक लागते. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. १९७७ साली सोडलेल्या एनटीएस-२ या चाचणी उपग्रहावर दुरुस्तीची सोय होती, पण ती आधी मुद्दाम बंद ठेवली. घड्याळ किती पुढे पळते ते मोजले, आकडा गणिताशी जुळला, मगच दुरुस्ती सुरू झाली.

मात्र ‘सापेक्षता नसती तर नकाशा रोज ११ किमी चुकला असता’ हेही जरा फुगवून सांगितले जाते. ही चूक सगळ्या उपग्रहांत जवळपास सारखीच असते आणि रिसीव्हर (संदेश घेणारे यंत्र, उदा. मोबाइल) स्वतःच्या घड्याळाचा फरक काढतो त्यातच ती बरीचशी जिरते. उरते ती कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने होणारी, प्रत्येक उपग्रहाची वेगळी. ती काही मीटर भरू शकते, म्हणून रिसीव्हरच्या हिशेबातच तिची वजावट असते. निफाडच्या बांधावर जमीन मोजणीवाले रोव्हरची (काठीवरच्या जीपीएस रिसीव्हरची) काठी रोवून ‘फिक्स’, म्हणजे अचूक जागा, येण्याची वाट बघतात, त्यांचे तर या वजावटीविनाही बरेचसे भागते. रोव्हर आपले मोजमाप एका जागी बसवलेल्या स्थिर केंद्राच्या मोजमापाशी ताडून बघतो, त्यात उपग्रहाच्या घड्याळाची चूक कटते.

मला विचाराल तर खरे उदाहरण कर्करोगाच्या रुग्णालयात आहे. तिथल्या लिनॅकमध्ये (किरणोपचाराच्या यंत्रात) इलेक्ट्रॉनला ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतात. न्यूटनच्या सूत्राने त्याचा वेग प्रकाशाच्या जवळपास पाचपट निघतो! प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या ९९.७ टक्क्यांवर असतो. इलेक्ट्रॉन ज्या नळीतून धावतो तिच्यातले कप्पे या वेगाशी जुळवूनच आखावे लागतात, नाहीतर इलेक्ट्रॉन त्याला ढकलणाऱ्या विद्युत-लहरीबरोबर राहत नाही आणि यंत्र चालतच नाही.

ही आकडेमोड एका तासात होते. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून ती फळ्यावर करून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, सिडको, नाशिक